विश्लेषण : ख्रिस्ती परंपरेतील ‘मौन दिवस’ म्हणजे काय? तिथली शांतता रोजच्या धावपळीत टिकते का?

दिवसभर कोणाशी बोलायचे नाही, मोबाइल बंद ठेवायचा, जेवणही शांतपणे करायचे. ख्रिस्ती समाजात अनेक ठिकाणी वर्षातून एक-दोनदा असा दिवस पाळला जातो. इंग्रजीत त्याला ‘क्वाएट डे’ म्हणतात, आपण मौन दिवस म्हणू. मन शांत व्हावे आणि आयुष्यात जे मिळाले आहे त्याची जाणीव व्हावी, हा त्यामागचा हेतू. पण एका दिवसाच्या मौनाने हे साधते का? साधले तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये ते टिकते का? आणि ज्या घरात आजारपण आहे, कर्ज आहे किंवा नुकताच कोणाचा मृत्यू झाला आहे, त्या घरातील माणसाला ‘कृतज्ञ राहा’ असे सांगणे योग्य आहे का? 

मौन दिवस म्हणजे नेमके काय?

रोजच्या कामातून बाजूला होऊन प्रार्थना आणि चिंतनासाठी काही काळ एकांतात जाणे, याला ख्रिस्ती परंपरेत ‘रिट्रीट’ म्हणतात. मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही हाच शब्द रुळला आहे. रिट्रीट दोन-तीन दिवसांचे असते, आठ दिवसांचे असते, अगदी महिन्याचेही असते. मौन दिवस हे त्याचे सर्वांत छोटे रूप. सकाळी जायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे. नोकरी, लहान मुले, घरातली वडीलधारी माणसे यांमुळे ज्यांना मुक्कामाला जाता येत नाही, त्यांनाही हे जमते.

‘क्वाएट डे’ हा शब्द मुख्यत: अँग्लिकन चर्चमधला. कॅथलिकांमध्ये याच प्रकाराला एक दिवसाचे रिट्रीट किंवा ‘रिकलेक्शन’चा दिवस म्हणतात. नाताळपूर्वीचा आगमनकाळ आणि ईस्टरपूर्वीचा लेंट म्हणजे उपवासकाळ, या दोन काळांत असे दिवस अधिक ठेवले जातात.

मात्र प्रत्येक रिट्रीट शांत असते असे नाही. केरळमधील मुरिंगूरच्या डिव्हाइन रिट्रीट सेंटरसारख्या ठिकाणी हजारोंच्या उपस्थितीत भक्तिगीते, प्रवचने आणि मोठ्या आवाजातील सामूहिक प्रार्थना असतात. तीही ख्रिस्ती परंपराच आहे. मौन दिवसाची वाट मात्र वेगळी आहे.

दिवसभरात काय घडते?

ठिकाणानुसार तपशील बदलतात, पण आराखडा साधारण सारखा असतो. सकाळी जमल्यावर चहा, थोडी ओळख आणि सूचना होतात. मग छोटी प्रार्थना आणि मौनाला सुरुवात. दिवस चालवणारी व्यक्ती, मग ती धर्मगुरू असेल, धर्मभगिनी असेल किंवा संसारी माणूस, दिवसातून दोन किंवा तीन वेळा थोडा वेळ बोलते. बायबलमधला एखादा प्रसंग आणि त्यावर विचार करायला एक-दोन प्रश्न, एवढेच. हे व्याख्यान नसते, त्यामुळे चर्चाही होत नाही.

उरलेला सगळा वेळ आपला. कोणी प्रार्थनागृहात बसते, कोणी झाडाखाली, कोणी आवारात फेऱ्या मारते, कोणी वही काढून लिहिते. कोणाला झोप लागते. त्यातही काही गैर मानत नाहीत, कारण अनेकांना कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तसे निवांत बसायला मिळालेले असते. दुपारचे जेवण मौनातच होते. ज्याला मन मोकळे करायचे आहे, त्याला मार्गदर्शकाशी एकट्याने बोलता येते. शेवटी पवित्र मिस्सा किंवा सामूहिक प्रार्थना होते आणि मौन सुटते.

नवख्या माणसाला सर्वांत अवघड जाते ते जेवण. समोरच्याला भाजी हवी का, हे न विचारता ओळखावे लागते. त्यासाठी त्याच्याकडे पाहावे लागते. मौनात आपण दुसऱ्यापासून दूर जातो असे वाटते, प्रत्यक्षात त्याच्याकडे अधिक लक्ष जाते.

ही परंपरा कुठून आली?

मूळ थेट शुभवर्तमानांत आहे. कामाला सुरुवात करण्यापूर्वी येशू ४० दिवस अरण्यात राहिला. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात तो पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याची नोंद आहे. पुढे सहाव्या अध्यायात शिष्य दमून परत येतात, लोकांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नाही, तेव्हा तो त्यांना निर्जन जागी येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. गंमत म्हणजे तिथेही लोक आधीच पोहोचलेले असतात. एकांत हवा असताना गर्दी समोर येणे, हे तेव्हाही होतेच.

तिसऱ्या-चौथ्या शतकात अँथनीसारखे साधक इजिप्तच्या वाळवंटात राहू लागले. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले. त्यांत मौन, प्रार्थना आणि श्रम यांना ठरावीक वेळ होती.

आजच्या रिट्रीटला आकार दिला तो स्पेनमधील इग्नेशियस लोयोला याने. १५२१ मध्ये पँप्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी खाटेवर पडून असताना त्याला शौर्यकथा वाचायच्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. मिळाली ती ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा सांगणारी पुस्तके. कधी तो दरबारातील पराक्रमाची स्वप्ने पाही, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही वेळी आनंद होई. पण पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही. या फरकाकडे त्याचे लक्ष गेले. पुढे मान्रेसा या गावी एकांतात काढलेल्या महिन्यांत त्याने स्वत:च्या मनाची अशी निरीक्षणे टिपली. त्यातून ‘आध्यात्मिक साधना’ हे मार्गदर्शक पुस्तक तयार झाले. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. सुमारे ३० दिवसांची ही साधना आजही जेझुइट संघात अनिवार्य आहे.

इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये रिट्रीट रुजले ते १९व्या शतकात, १८३३ पासूनच्या ऑक्सफर्ड चळवळीनंतर. पुढे एव्हलिन अंडरहिल या लेखिकेने १९२४ पासून एसेक्समधील प्लेशी येथे रिट्रीट घ्यायला सुरुवात केली. ती ना धर्मगुरू होती ना धर्मभगिनी. घर-संसार असलेल्या स्त्रीने असे मार्गदर्शन करणे तेव्हाच्या चर्चमध्ये नवे होते. एकांताचा हा मार्ग केवळ मठवासीयांचा नाही, हे तिच्यामुळे अधिक ठळक झाले.

महाराष्ट्र आणि गोव्याशी याचा संबंध काय?

संबंध जुना आहे. इग्नेशियसचा जवळचा सहकारी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. त्याच्यासोबत जेझुइटांची साधनाही आली. आज गोव्यात बागा येथील टेकडीवर जेझुइटांचे रिट्रीट हाऊस आहे. जवळच्या किनाऱ्यावर पर्यटकांचा गजबजाट आणि वर टेकडीवर मौन, असे तिथले चित्र. मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीच्या परिसरातही जेझुइटांचे रिट्रीट हाऊस आहे.

पुण्यातील पंचहौद मिशन मराठी वाचकांना आठवते ते १८९० च्या चहा प्रकरणामुळे. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासह काही प्रतिष्ठितांनी तिथे चहा घेतला म्हणून ग्रामण्य उभे राहिले होते. त्या मिशनचे काम ज्या काउली फादर्सकडे होते, तो संघ इंग्लंडमध्ये रिट्रीटची प्रथा रुजवणाऱ्यांपैकी एक.

पण ही परंपरा मराठी मातीत वेगळ्या रूपाने आली ती कवी नारायण वामन टिळकांच्या प्रेरणेतून. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्तभक्ती भारतीय पद्धतीने व्हावी, ही त्यांची ओढ. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचाराने प्रभावित झालेले इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. काही वर्षांत संघाचे केंद्र पुण्यात शिवाजीनगरला आले. तेच पुढे ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम म्हणून ओळखले जाऊ लागले. आदिवासींच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झालेले व्हेरियर एल्विन भारतात आले ते याच संघाचे सदस्य म्हणून. १९७२ पासून अँग्लिकन आणि कॅथलिक धर्मभगिनी या आश्रमात एकत्र राहू लागल्या. जमिनीवर बसून प्रार्थना, शाकाहारी जेवण, मौन आणि सर्वधर्मीयांना खुले दार, अशी तिथली रीत.

मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी याला आणखी एक वळण दिले. लोणावळ्याच्या साधना इन्स्टिट्यूटमधून त्यांनी श्वासाकडे लक्ष देणे, शरीरातील संवेदना टिपणे असे पूर्वेकडचे ध्यानप्रकार ख्रिस्ती प्रार्थनेशी जोडले. त्यांची पुस्तके जगभर वाचली गेली. त्यांच्या काही मतांबाबत व्हॅटिकनने १९९८ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर ११ वर्षांनी, सावधगिरीची सूचना काढली. इतर परंपरांकडून किती घ्यावे, हा वाद चर्चमध्ये आजही आहे.

विपश्यनेपेक्षा हे वेगळे कसे?

महाराष्ट्रात मौन म्हटले की इगतपुरीची विपश्यना आठवते. दोन्हींत बाहेरून साम्य बरेच आहे. बोलणे नाही, फोन नाही, साधे जेवण. वारकरी परंपरेलाही एकांत नवा नाही. तुकोबा एकांतासाठी भंडारा डोंगरावर जात, हे मराठी माणसाला माहीत आहे.

फरक आतल्या कामात आहे. विपश्यनेत साधक श्वास आणि संवेदना तटस्थपणे पाहतो, कोणाची प्रार्थना करत नाही. ख्रिस्ती मौन हा संवाद आहे. आपण गप्प बसतो ते देवाचे ऐकण्यासाठी, अशी त्यामागची श्रद्धा. त्यामुळे मन रिकामे करण्यापेक्षा मनात जे आहे, राग, लाज, भीती, आनंद, ते देवापुढे मांडण्यावर भर असतो. आणि संवाद म्हटला की ‘दिलेस, मिळाले’ हे म्हणण्याची जागा आपोआप येते. कृतज्ञता इथे केवळ चांगली भावना नाही, ती कोणाला तरी उद्देशून असते.

मौन आणि कृतज्ञतेची सांगड कशी?

ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी असलेल्या प्रभुभोजनाला ग्रीक भाषेत ‘युखरिस्त’ म्हणतात. त्याचा अर्थच आभार मानणे. म्हणजे मुख्य विधीचे नावच ‘आभार’ आहे.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही जण बरे होतात, आभार मानायला परत येतो एकच, तोही परका मानला गेलेला शोमरोनी. उरलेले नऊ वाईट होते असे गोष्ट म्हणत नाही. त्यांना बहुधा घरी जायची घाई होती. मौन दिवसांत ही गोष्ट अनेकदा घेतली जाते ती याचसाठी. आपणही बहुतेक वेळा त्या नऊ जणांतले असतो. मिळालेले असते, पण थांबून वळायला वेळ नसतो. मौन दिवस म्हणजे मुद्दाम काढलेला वळण्याचा वेळ.

इग्नेशियसने हे रोजच्या सवयीत बसवले. दुपारी आणि रात्री काही मिनिटे दिवस तपासायचा. त्याच्या पाच पायऱ्या आहेत. मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार, नीट पाहता यावे म्हणून प्रार्थना, दिवसाची उजळणी, जिथे चुकले तिथे क्षमायाचना आणि उद्यासाठी निश्चय. यात क्रम महत्त्वाचा. आपण साधारणपणे चुकांपासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. इग्नेशियस आभारापासून सुरुवात करायला सांगतो. कृतघ्नता हे त्याच्या मते सर्वांत घातक पाप होते, कारण इतर अनेक चुकांचे मूळ त्याला तिथे दिसत होते.

शांत बसले की अस्वस्थ का वाटते?

मौन दिवसाला गेलेल्या अनेकांना पहिले काही तास छान वाटत नाही. खिशाकडे हात जातो, घड्याळ पुढे सरकत नाही, राहिलेली कामे आठवतात. आपल्याला हे जमणारच नाही, असे वाटू लागते.

यात नवे काही नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या साधकाने भर दुपारी येणाऱ्या अशाच मनःस्थितीचे वर्णन केले आहे. सूर्य हलतच नाही असे वाटते, साधू सारखा खिडकीकडे पाहतो, कोणी भेटायला यावे असे त्याला वाटते, मग जागेचा आणि कामाचाच तिटकारा येतो. मोबाइल सोडला तर सगळे आजचेच आहे. त्याचा सल्लाही सोपा होता. पळू नका, जागा सोडू नका, हेही जाईल.

कधी मात्र अस्वस्थतेचे कारण कंटाळ्यापेक्षा खोल असते. बाहेरचा आवाज थांबला की आत दाबून ठेवलेले वर येते. जुने भांडण, न केलेला फोन, आईच्या शेवटच्या दिवसांत आपण तिथे नव्हतो ही बोच. इग्नेशियसने अशा वेळेसाठी एक व्यवहारी नियम दिला आहे. मन उदास आणि अंधारलेले असताना आधी केलेले निर्णय बदलायचे नाहीत. राजीनामा, नाते तोडणे, मोठा नवस, काहीही त्या क्षणी नको. ढग सरल्यावर पुन्हा पाहायचे. रात्री दोन वाजता रागाने मेसेज टाइप करणाऱ्या प्रत्येकाला हा नियम उपयोगी आहे.

दुःखात असलेल्याने कृतज्ञ कसे राहायचे?

कृतज्ञतेबद्दल बोलताना हा सर्वांत अवघड प्रश्न, आणि तो टाळला की बाकीचे सगळे पोकळ वाटते. घरात मृत्यू झालेला असताना ‘देवाने जे केले ते चांगल्यासाठीच’ असे म्हणणारे नातेवाईक प्रत्येक समाजात असतात. ऐकणारा मान डोलावतो आणि आतून मिटतो. कृतज्ञतेचा असा वापर दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी होतो. घरातला अन्याय, कामावरची पिळवणूक सहन करणाऱ्यालाही ‘जे आहे त्यात समाधान मान’ असे सांगितले जाते. ही शांती नव्हे.

बायबलची परंपरा इथे वेगळे काही शिकवते. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती काळ गप्प राहणार, अशी थेट तक्रार त्यांत आहे. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळही येत नाही. आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले गेले. वधस्तंभावरील येशूच्या तोंडीही अशाच एका विलापस्तोत्राचे शब्द आहेत. म्हणजे रडणे, जाब विचारणे हे श्रद्धेच्या विरुद्ध मानलेले नाही.

पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व परिस्थितीत आभार मानायला सांगितले आहे. यातील ‘परिस्थितीत’ या शब्दाकडे अनेक मार्गदर्शक लक्ष वेधतात. सांगितले आहे ते परिस्थिती‘त’, परिस्थिती‘साठी’ नव्हे. कर्करोगाबद्दल आभार मानायचे नाहीत. त्या आजारात रात्रभर उशाशी बसलेल्या बहिणीबद्दल मानता येतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आजाराचा राग आणि बहिणीबद्दलची माया.

जर्मन धर्मगुरू डीट्रिख बॉनहॉफर यांचे उदाहरण इथे बोलके आहे. १९३५ मध्ये फिंकेनवाल्डे येथे हिटलरला विरोध करणाऱ्या चर्चसाठी ते तरुण पाळक घडवत होते. तिथे रोज सकाळी अर्धा तास मौन चिंतन सक्तीचे होते. सुरुवातीला विद्यार्थी कुरकुरत. १९३७ मध्ये गेस्टापोने ती संस्था बंद केली. १९४३ मध्ये बॉनहॉफर यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला महिनाही उरला नसताना, त्यांना फाशी देण्यात आले. तुरुंगातील त्यांच्या पत्रांत घरून आलेल्या खाऊबद्दल, पुस्तकांबद्दल, भेटींबद्दल आभार आहेत. त्याच पत्रांत एकटेपणा आणि थकवाही लपवलेला नाही. आणि ज्या राजवटीने त्यांना डांबले, तिच्याशी त्यांनी तडजोड केली नाही. कृतज्ञ माणूस मुकाट्याने सोसतो, हा समज अशा आयुष्यासमोर टिकत नाही.

याबाबत संशोधन काय सांगते?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांचा २००३ मधील अभ्यास या विषयात सर्वाधिक सांगितला जातो. त्यातील एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे गट करून दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, एका गटाला कृतज्ञ वाटलेल्या गोष्टी लिहायला सांगितल्या, दुसऱ्याला कटकटीच्या आणि तिसऱ्याला साध्या घडामोडी. कृतज्ञतेच्या नोंदी करणाऱ्यांना आपले आयुष्य अधिक चांगले वाटत होते आणि येत्या आठवड्याबद्दल ते अधिक आशावादी होते.

पण याला मर्यादा आहेत. २०२१ मध्ये २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि चिंतेची लक्षणे कमी करण्यात अशा सरावांचा परिणाम लहानच असल्याचे त्यात दिसले. म्हणजे कृतज्ञतेची वही हे औषध नाही. झोप उडाली असेल, जगण्याची इच्छा कमी झाली असेल तर डॉक्टरांकडे जाणे हाच मार्ग. मौन दिवस किंवा प्रार्थना त्याच्या जोडीला असू शकते, जागी नाही.

मग रोजच्या आयुष्यात हे कसे आणायचे?

१७व्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधक होता. तरुणपणी तो सैनिक होता आणि त्याच्या पायात अधू होती. मठात त्याच्याकडे स्वयंपाकघर आले, जे त्याला मुळीच आवडत नव्हते. पुढे चपला दुरुस्त करण्याचे काम मिळाले. भांड्यांच्या खडखडाटातही प्रार्थनागृहाइतकाच देव जवळ असतो, हे त्याने स्वत:ला वर्षानुवर्षे शिकवले. १६९१ मध्ये तो गेला. त्याच्या मागे उरलेली पत्रे आणि संभाषणे जगभर वाचली जातात ती त्यामुळेच. त्याची शांती फुरसतीवर अवलंबून नव्हती.

रोजच्या वापरासाठी परंपरेतून काढता येतील अशा काही साध्या गोष्टी :

एक, रात्री पाच-दहा मिनिटे दिवस मागे जाऊन पाहा. सुरुवात मिळालेल्या गोष्टींपासून करा. ‘कुटुंब, आरोग्य, देव’ असे मोघम नको. नेमके काय? डब्यात आठवणीने ठेवलेली आवडती चटणी, गर्दीत सरकून दिलेली जागा, चूक झाल्यावर साहेबांनी सर्वांसमोर न काढलेला विषय.

दोन, मग विचारा की आज कुठे मन कोरडे पडले आणि कुठे टवटवीत झाले. इग्नेशियसने खाटेवर पडून हेच तर पाहिले होते. आठवडाभर नोंद केली की एक आकृती दिसू लागते.

तीन, मनात आलेले आभार माणसापर्यंत पोहोचवा. दहा जणांतला तो एक नुसता मनात खूश होऊन थांबला नाही, परत आला. फोन करा, सांगा.

चार, दिवसातले एक ठरलेले काम मौनाचे ठेवा. चहा पिताना, भांडी घासताना किंवा स्टेशनपर्यंत चालताना कानात इअरफोन नको. तेवढेच.

पाच, जे दुखते आहे त्याला आभाराखाली झाकू नका. तेही त्याच प्रार्थनेत किंवा त्याच वहीत येऊ द्या.

कोण जाऊ शकते? काय काळजी घ्यावी?

अनेक रिट्रीट केंद्रे आणि आश्रम इतर धर्मीयांना, तसेच श्रद्धा नसलेल्यांनाही येऊ देतात. मात्र कार्यक्रम ख्रिस्ती प्रार्थनेभोवतीच असतो, हे आधी समजून जावे. कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद सर्वांना दिला जात नाही, याचीही कल्पना असावी. जाण्यापूर्वी फोन करून मौन किती वेळ आहे, मार्गदर्शक कोण आहे, एकट्याने बोलण्याची सोय आहे का, हे विचारावे.

नुकताच मोठा आघात झालेला असेल किंवा मानसिक आजारावर उपचार सुरू असतील तर दीर्घ मौनापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि मार्गदर्शकाला तसे सांगावे. अशा वेळी दहा-तीस दिवसांपेक्षा एक दिवस, किंवा अर्धा दिवसही पुरेसा असतो. मौन असह्य झाले तर उठून निघून येण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असते, असलेच पाहिजे.

आणि एकांतासाठी खर्च करणे, सुट्टी काढणे हे प्रत्येकाला परवडत नाही, हेही खरे. घरातल्या बाईला एक दिवस मौन मिळावे यासाठी त्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्या कोणाला तरी करावा लागतो. एखाद्या घरात कृतज्ञतेची सुरुवात कदाचित तिथूनच व्हायला हवी. मौन दिवसाचा कस त्या दिवशी लागतच नाही. तो लागतो दुसऱ्या दिवशी, कुकरच्या शिट्ट्या, शाळेची बस आणि सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ हे सगळे एकाच वेळी आल्यावर, समोरच्या माणसाकडे आपण वळून पाहतो का, यावर.